टोळी, घर आणि पैसा: किशोरवयीन गटांच्या कादंबऱ्यांतील मानलेली कुटुंबे

किशोरवयीन मुलांच्या परस्परविरोधी गटांभोवती रचलेल्या कादंबऱ्यांचा विचार समीक्षेत बहुधा गुन्हेगारी, बंडखोरी आणि वयात येणे या तीन अंगांनी होत आला आहे. या अंगांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु वेगवेगळ्या देशांतील आणि काळांतील अशा कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचल्या, तर त्यांच्या मुळाशी आणखी एक प्रश्न सातत्याने आढळतो. जन्माने मिळालेले घर ज्यांना पुरे पडत नाही ती मुले आपापसांत जे दुसरे घर उभारतात, ते कोणत्या परिस्थितीतून उभे राहते, कोणाच्या कष्टांवर चालते आणि कोठे येऊन मोडते, हा तो प्रश्न होय. त्याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे एस. ई. हिंटन यांची 1967 मध्ये प्रसिद्ध झालेली 'द आउटसायडर्स' ही अमेरिकन कादंबरी. तथापि या प्रश्नाची परंपरा तिच्याहून किमान साठ वर्षे जुनी आहे.

येथे 'मानलेले कुटुंब' म्हणजे रक्ताच्या किंवा विवाहाच्या नात्याने न बांधलेल्या, पण आसरा, अन्न, संरक्षण आणि माया या कुटुंबाच्या जबाबदाऱ्या परस्परांसाठी स्वीकारणाऱ्या व्यक्तींचा समूह. समाजशास्त्रात या कल्पनेची मांडणी बरीच उशिरा झाली. कॅरल स्टॅक यांनी 1974 च्या 'ऑल अवर किन' या ग्रंथात अमेरिकेतील गरीब कृष्णवर्णीय वस्तीत वस्तूंची, पैशांची आणि मुलांच्या सांभाळाची देवाणघेवाण नात्यागोत्याच्या पलीकडे जाऊन कशी चालते, हे दाखवले. तर केथ वेस्टन यांनी 1991 मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातील समलिंगी स्त्रीपुरुषांचा अभ्यास करून निवडलेल्या कुटुंबाची संकल्पना रूढ केली. 'सामाजिक वर्ग' हा शब्दही येथे केवळ उत्पन्नापुरता घेतलेला नाही. वस्ती, शिक्षणाची संधी, आईवडिलांना मुलांसाठी मिळणारा वेळ, आणि पोलीस, न्यायालय व शाळा यांच्याकडून मिळणारी वागणूक, असे सारे त्यात येते.

किशोरांच्या टोळ्यांचा अभ्यास त्याहून जुना आहे. फ्रेडरिक थ्रॅशर यांनी 1927 मध्ये शिकागोतील 1,313 टोळ्यांचा आढावा प्रसिद्ध केला. ऑगस्ट हॉलिंग्सहेड यांच्या 1949 च्या 'एल्मटाउन्स यूथ'मध्ये एका लहान अमेरिकन गावातील शाळकरी मुलांची मैत्रीसुद्धा बहुतांशी आपापल्या वर्गातच होते, हे स्पष्ट झाले. अल्बर्ट कोहेन यांनी 1955 मध्ये असे प्रतिपादन केले की, शाळेत मध्यमवर्गीय मापदंडाने मोजल्या जाणाऱ्या श्रमिक घरांतील मुलांना तेथे प्रतिष्ठा मिळत नाही, म्हणून ती प्रतिष्ठेचे वेगळे निकष असलेला स्वतःचा समूह घडवतात. कादंबऱ्यांच्या दृष्टीने मात्र सर्वांत उपयोगी ठरतो तो विल्यम फूट व्हाइट यांचा 1943 चा 'स्ट्रीट कॉर्नर सोसायटी' हा ग्रंथ. बोस्टनमधील इटालियन वस्तीत त्यांना तरुणांचे दोन प्रकार दिसले: नाक्यावर जमणारे आणि कॉलेजात जाणारे. नाक्यावरचा तरुण मित्रांच्या गरजेला खिशातले शेवटचे नाणेही काढून देतो, म्हणून तो त्यांचा पुढारी होतो आणि नेमका त्याच कारणाने वस्तीतून वर सरकू शकत नाही. कॉलेजात जाणारा पैसा राखून ठेवतो, ऋणानुबंध सैल सोडतो आणि पुढे निघून जातो. परस्परांना धरून राहणे आणि परिस्थितीतून बाहेर पडणे यांच्यातला हा विरोध पुढील सर्व कादंबऱ्यांचा कणा आहे.

हंगेरियन लेखक फेरेन्त्स मोल्नार यांची 'पाल स्ट्रीटची मुले' ही कादंबरी 1907 मध्ये पुस्तकरूपाने आली. बुडापेस्ट शहर झपाट्याने वाढत असताना पाल रस्त्यावरील एक मोकळा भूखंड मुलांच्या एका गटाच्या ताब्यात आहे, आणि चेंडू खेळायला जागा नसलेला लाल सदऱ्यांचा दुसरा गट तो बळकावू पाहतो. मुलांनी त्या भूखंडाला देश मानले आहे, सैन्य उभारले आहे, हुद्दे वाटले आहेत. आणि त्या सैन्यात सारेच अधिकारी असून साधा शिपाई एकच आहे, तो म्हणजे गरीब शिंप्याचा मुलगा नेमेचेक. मुलांच्या मंडळाच्या नोंदवहीत त्याच्यावर फितुरीचा खोटा ठपका येतो आणि त्याचे नाव सन्मानाची मोठी आद्याक्षरे काढून लहान अक्षरांत लिहिले जाते. पुढे तोच नेमेचेक वारंवार थंड पाण्यात भिजून आजारी पडतो, तापात लढाईला येऊन विजय मिळवून देतो आणि मरतो. मुलगा मरणाच्या दारात असताना बाप गिऱ्हाइकाच्या अंगावर कोट घालून मापे पाहत असतो, कारण ते काम गेले तर घरात पैसा येणार नाही. आणि ज्या भूखंडासाठी हे सारे झाले तेथे इमारत उठणार असल्याचे अखेरीस कळते. मोल्नार यांनी दोन्ही गटांना उमदेपणा दिला आहे, शत्रूचा नायकही नेमेचेकचा आदर करतो. विषमता दोन गटांमध्ये नसून गटाच्या आत आहे, ही या कादंबरीची मर्मदृष्टी होय. मानलेले कुटुंबसुद्धा बाहेरच्या समाजाची उतरंड आत आणते आणि सर्वांत गरीब सभासदाकडूनच सर्वाधिक त्याग घेते, हे इतक्या कोवळ्या कथानकातून इतक्या स्पष्टपणे क्वचितच सांगितले गेले असेल.

लुई पेर्गो यांच्या 1912 च्या फ्रेंच कादंबरीत, 'बटणांच्या युद्धा'त, दोन शेजारच्या खेड्यांतील शेतकऱ्यांची मुले लढतात आणि पराभूत मुलाच्या कपड्यांची बटणे कापून नेतात. दोन्ही बाजू एकाच वर्गाच्या असल्यामुळे येथे वैराला आर्थिक कारण नाही. मात्र बटणाला जी किंमत येते ती गरिबीमुळेच येते, कारण फाटके कपडे घेऊन घरी गेल्यास मार ठरलेला असतो. मुले त्यावर उपाय म्हणून उघड्या अंगाने लढतात, वर्गणी गोळा करून बटणांचा आणि सुईदोऱ्याचा साठा करतात, झोपडी बांधतात. हा साठा म्हणजे एका लहानशा सामायिक संसाराची सुरुवात होय. फितुरीमुळे ती झोपडी लुटली जाते आणि शेवटी सर्वांना आपापल्या घरच्या माराला सामोरे जावे लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत हा विषय नाटक-चित्रपटांतून मोठ्या प्रमाणावर पुढे आला. 1955 च्या 'रिबेल विदाउट अ कॉज' या चित्रपटात सुखवस्तू घरांतील तीन मुले एका ओसाड वाड्यात आई, बाप आणि मूल यांचा खेळ मांडतात. ते दृश्य हृद्य आहे, पण त्या खेळाला पोट भरायचे नसते, म्हणूनच तो एका रात्रीपुरता टिकतो. 1957 च्या 'वेस्ट साइड स्टोरी' या संगीतिकेतील जेट्स आणि शार्क्स या दोन्ही टोळ्या गरीब आहेत. वैर आहे ते गोऱ्या स्थलांतरितांची मुले आणि पोर्तो रिकोहून आलेली मुले यांच्यात. 2021 मधील नव्या चित्रपटाने दोन्ही टोळ्यांची वस्तीच पाडली जात असल्याचे दाखवून मूळ कलाकृतीत मागे राहिलेली गोष्ट पुढे आणली, ती अशी की, ज्या रस्त्यांसाठी ही मुले एकमेकांना मारतात ते दोघांच्याही मालकीचे नाहीत.

सॉल युरिक यांनी न्यूयॉर्कच्या शासकीय साहाय्य विभागात काम केले होते आणि तेथे दिसलेल्या कुटुंबांचा अनुभव त्यांच्या 1965 च्या 'द वॉरियर्स' या कादंबरीमागे आहे. तिच्यातील टोळीने स्वतःची रचनाच कुटुंबाप्रमाणे केली आहे. पुढारी हा बाप, त्याखालचा काका, बाकीचे मुलगे. बापाचा अधिकार, काकाची जबाबदारी आणि भावांची शिस्त यांवर टोळीचे प्रत्येक पाऊल ठरते. मात्र युरिक या रचनेचे गोडवे गात नाहीत. या मानलेल्या कुटुंबात स्त्रियांना स्थान नाही, शहरातून घरी परतण्याच्या रात्रभराच्या प्रवासात टोळी निर्घृण अत्याचार करते, आणि पहाटे घरी परतणाऱ्या मुलाला त्या दाटीवाटीच्या घरात झोपायलाही धड जागा नसते. 1979 मधील चित्रपटाने कथेला चित्तथरारक रूप दिले आणि कुटुंबाची ही कठोर तपासणी बाजूला ठेवली. मूळ कादंबरी कमी वाचली जाते, हे या विषयाच्या दृष्टीने नुकसानच आहे.

'द आउटसायडर्स' या पार्श्वभूमीवर वाचावी लागते. सुझन एलोइज हिंटन यांचा जन्म 1948 चा, ओक्लाहोमा राज्यातील टल्सा या तेलाच्या व्यवसायावर वाढलेल्या शहरातला. कादंबरीचे लेखन त्यांनी शाळेत असतानाच केले आणि ती प्रसिद्ध झाली तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. मुलांच्या टोळ्यांची गोष्ट एका मुलीने लिहिली आहे हे कळल्यास समीक्षक पुस्तकाला गांभीर्याने घेणार नाहीत, या भीतीने नावाची केवळ आद्याक्षरे छापली गेली. शहराच्या पूर्वेकडील गरीब मुलांना तेल लावून मागे वळवलेल्या लांब केसांमुळे 'ग्रीझर' म्हणतात. पश्चिमेकडील श्रीमंत मुले 'सोश', म्हणजे प्रतिष्ठित मंडळींतली, म्हणून ओळखली जातात. कथा सांगणारा पोनीबॉय कर्टिस चौदा वर्षांचा आहे. आईवडील मोटार अपघातात गेले आहेत. वीस वर्षांचा थोरला भाऊ डॅरी घरांची छपरे घालण्याचे काम करून घर चालवतो, आणि मधला सोडापॉप शाळा सोडून पेट्रोल पंपावर कामाला लागला आहे. तिघे भाऊ नीट राहत नसल्याचे दिसले तर सरकार धाकट्या दोघांना मुलांच्या वसतिगृहात पाठवू शकते, ही टांगती तलवार कादंबरीभर आहे. या एका तपशिलाने कादंबरी भावुकतेपासून वाचते. रक्ताचे कुटुंबसुद्धा गरिबांच्या बाबतीत गृहीत धरता येत नाही, ते राज्यसंस्थेच्या परवानगीवर अवलंबून असते, हे चौदा वर्षांच्या निवेदकालाही ठाऊक आहे.

कर्टिस भावांच्या घराचे दार रात्री उघडेच ठेवले जाते, कारण टोळीतल्या कोणाला घरून हाकलले गेले तर त्याला पाठ टेकायला जागा हवी. जॉनी केड याला घरी बाप मारतो आणि आई विचारत नाही, म्हणून टोळीच त्याचे सर्वस्व आहे. डॅलस विन्स्टन हा टोळीतला सर्वांत निबर मुलगा जॉनीवर मात्र जिवापाड माया करतो. सोश मुलांनी पोनीबॉयला कारंज्यात बुडवायला घेतले असता जॉनीच्या हातून त्यांच्यातला बॉब शेल्डन मारला जातो, दोघे पळून एका ओस चर्चमध्ये लपतात, चर्चला आग लागल्यावर आत अडकलेल्या लहान मुलांना वाचवतात. जॉनी त्या इजेने मरतो आणि त्याच्या मृत्यूनंतर डॅलस दुकान लुटून, गोळ्या नसलेले पिस्तूल पोलिसांवर रोखून, मरण ओढवून घेतो. मानलेले नाते हेच ज्याचे एकमेव नाते आहे, त्याच्या दृष्टीने ते तुटणे म्हणजे सर्व तुटणे, हा डॅलसच्या मृत्यूचा अर्थ कादंबरीने कोणतेही भाष्य न करता पोहोचवला आहे.

कादंबरीचा सर्वाधिक गौरवला जाणारा भाग मात्र वेगळा आहे. सोश गटातील चेरी व्हॅलन्स ही मुलगी पोनीबॉयशी बोलते आणि दोघांनाही सूर्यास्त आवडतो, तो दोन्ही वस्त्यांतून सारखाच दिसतो, हे त्यांना उमगते. श्रीमंतांनाही दुःखे असतात, त्यांच्याकडे सर्व काही असून भावना गोठलेल्या असतात, असे चेरी सुचवते. पुढे रँडी हा सोश मुलगा सांगतो की बॉबच्या आईवडिलांनी त्याला कधीच कशाला नाही म्हटले नाही. शाळाशाळांतून हा भाग समन्वयाचा संदेश म्हणून शिकवला जातो. त्यामागील सद्भाव खरा आहे, तरीही तो पुरेसा नाही, असेच म्हणावे लागते. दुःख दोन्हीकडे असते म्हणून दोन्हीकडची परिस्थिती सारखी होत नाही: बॉब दारूच्या नशेत मित्रांना घेऊन गाडीतून शिकार शोधत फिरू शकतो आणि त्याला कोणी अडवत नाही, जॉनीने स्वसंरक्षणार्थ चाकू चालवला तरी त्याला आधी पळावे लागते. हिंटन यांनी हा फरक प्रसंगांत दाखवला आहे, पण संवादांत तो पुसण्याचा प्रयत्न केला आहे.

त्यांच्या दृष्टीची खोली जेथे खरोखर दिसते तो भाग डॅरीचा आहे. तो शाळेत फुटबॉलचा नामांकित खेळाडू होता. शिष्यवृत्ती मिळूनही कॉलेजचा उरलेला खर्च झेपणारा नव्हता, आणि आईवडिलांच्या मृत्यूनंतर तर तो मार्ग बंदच झाला. टोळीतल्या एकाच्या तोंडी असे निरीक्षण येते की, डॅरीला सोश होण्यापासून अडवणारी गोष्ट म्हणजे टोळीतली ही मुलेच. शेवटच्या मोठ्या हाणामारीत त्याच्यासमोर उभा राहतो तो पॉल होल्डन, एकेकाळी त्याच्याच संघातला मित्र, जो पुढे कॉलेजात गेला. व्हाइट यांनी बोस्टनमध्ये पाहिलेले दोन तरुण येथे समोरासमोर येतात. पॉलच्या डोळ्यांत तिरस्कार आणि डॅरीच्या डोळ्यांत त्याहून काही अधिक आहे हे पोनीबॉयला दिसते. आणि मानलेल्या कुटुंबाची किंमत कोणी मोजली, या प्रश्नाचे उत्तर त्या एका प्रसंगात मिळते.

या कादंबरीत जे नाही तेही नोंदवले पाहिजे. टल्सा हे तेच शहर आहे जेथे 1921 मध्ये गोऱ्या जमावाने ग्रीनवुड ही समृद्ध कृष्णवर्णीय वस्ती जाळून उद्ध्वस्त केली. हिंटन यांच्या टल्सात मात्र पूर्व आणि पश्चिम एवढीच विभागणी आहे, आणि ग्रीझर व सोश दोघेही गोरेच आहेत. शाळकरी वयातल्या लेखिकेने आपल्याला दिसले तेवढे लिहिले, यात दोष शोधण्यासारखे फारसे नाही. परंतु अमेरिकेतील वर्गविषमतेचे प्रातिनिधिक चित्र म्हणून ही कादंबरी पिढ्यानपिढ्या शिकवली जाते तेव्हा ही उणीव शिकवणाऱ्यांनी बोलून दाखवायला हवी. पुस्तकाचा प्रभाव निर्विवाद आहे. कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नोजवळच्या एका शाळेच्या ग्रंथपालांनी आणि विद्यार्थ्यांनी पाठवलेल्या पत्रावरून फ्रान्सिस फोर्ड कपोला यांनी 1983 मध्ये त्यावर चित्रपट केला. त्यात वापरलेल्या टल्सातील घराचे 2019 मध्ये संग्रहालय झाले. आणि 2024 मध्ये त्यावरील संगीतिकेला सर्वोत्कृष्ट संगीतिकेचा टोनी पुरस्कार मिळाला.

मुलींच्या टोळीवरील उल्लेखनीय कादंबरी म्हणजे जॉइस कॅरल ओट्स यांची 1993 मधील 'फॉक्सफायर'. 1950 च्या दशकातील न्यूयॉर्क राज्यातल्या एका औद्योगिक गावातील श्रमिक घरांच्या मुली लेग्ज सॅडोव्स्की हिच्या नेतृत्वाखाली शपथ घेऊन एकत्र येतात आणि पुढे एका जुन्या घरात खरोखर संसार थाटतात. येथे प्रतिपक्ष दुसरी टोळी नसून पुरुषांचे आणि पैसेवाल्यांचे जग आहे, म्हणून ही कादंबरी या परंपरेच्या सीमेवर उभी आहे. पण तिने जे केले ते इतरांनी टाळले होते. ओट्स त्या घराचा जमाखर्च मांडतात. मिळकत अपुरी पडते, मुली पुरुषांना जाळ्यात ओढून पैसे उकळू लागतात आणि अखेर एका धनिकाच्या अपहरणात सर्व कोसळते. लेग्ज कृष्णवर्णीय मुलींना टोळीत घेऊ पाहते तेव्हा बाकीच्या नकार देतात, हा प्रसंगही तितकाच महत्त्वाचा. निवडीचे कुटुंब म्हणजे वगळण्याचाही अधिकार, हे सत्य त्यात उघडे पडते.

मराठीत शत्रूगटांची अशी किशोरकादंबरी रूढ झाली नाही; मात्र जवळची दोन पुस्तके या चर्चेत आणणे आवश्यक आहे. भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका' 1965 मधली. मुंबईच्या नाक्यावर जमणाऱ्या पोरांचे जग तिने त्यांच्याच बोलीत मांडले आणि आचार्य अत्रे यांच्यासह अनेकांचा रोष ओढवून घेतला. त्या वादात अश्लीलतेची चर्चा इतकी झाली की, चाळीतल्या खोलीत जागा नाही आणि हाताला काम नाही म्हणून नाका हेच घर झालेल्या पोरांची ती कादंबरी आहे, याकडे दुर्लक्ष झाले. मिलिंद बोकील यांची 2004 मधील 'शाळा' आणीबाणीच्या काळातील नववीच्या मुलांची आहे. अर्धवट बांधलेल्या इमारतीत अड्डा जमवणाऱ्या चार मित्रांच्या घरची परिस्थिती एकसारखी नाही, आणि त्या जागेत असेपर्यंत ते कोणालाही जाणवत नाही. नववीच्या निकालानंतर मात्र चौकडी विखुरते. परीक्षा हे वर्गाचे सर्वांत सभ्य हत्यार असते, हे बोकील कोठेही न म्हणता दाखवतात. भाषा आणि गावे वेगळी असली, तरी पेनेलोपी एकर्ट यांनी 1989 मध्ये डेट्रॉइटच्या उपनगरी शाळांबद्दल जे नोंदवले, की शाळेतील गट पुढील आयुष्यातील वर्गांची पूर्वतयारी करून घेतात, ते येथेही लागू पडते.

या सर्व पुस्तकांत जी सरस ठरतात ती मायेइतकेच खर्चालाही महत्त्व देणारी आहेत. मोल्नार यांनी शिंप्याची मापपट्टी दाखवली, ओट्स यांनी घराचा हिशेब दाखवला, युरिक यांनी कुटुंब म्हणवणाऱ्या टोळीची क्रूरता लपवली नाही. हिंटन यांच्या पहिल्या कादंबरीने शेवटचा शब्द लिहू शकणाऱ्या धाकट्याला दिला आणि कमावणाऱ्या थोरल्याला मागे ठेवले, ही तिची मर्यादा आहे. ती लेखिकेलाही जाणवली असावी, असे मानायला जागा आहे. कारण 1979 च्या 'टेक्स' या कादंबरीत त्या याच प्रश्नाकडे परतल्या. तेथे बाप महिनोन्महिने घराबाहेर आहे, पैसे येत नाहीत, आणि थोरला भाऊ मेसन घर चालवण्यासाठी धाकट्याचा जिवापाड जपलेला घोडा विकून टाकतो. 'द आउटसायडर्स' आवडलेल्या वाचकाने 'टेक्स' तिच्या जोडीने अवश्य वाचावी.